हिशेबापलीकडची कृपा

(रेव्हरंड नारायण वामन टिळक यांच्या स्मृतिदिनी, ९ मे रोजी, पोशेरा, ता. मोखाडा, जि. पालघर येथे दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



ख्रिस्ती कवी रेव्हरंड टिळक ९ मे १९१९ रोजी मुंबईत वारले. त्यांचा जन्म दापोली तालुक्यातल्या करजगावचा आणि उमेदीची वर्षे अहमदनगरची. त्यांच्या स्मरणाचे व्याख्यान मोखाड्याच्या डोंगरात कशासाठी, असे कुणी विचारील. मला हीच जागा योग्य वाटते. आजचा विषय आहे ईश्वरी कृपेतून मिळणारी शांती. थकलेल्या माणसाला या विषयाची गरज लागते, आणि मे महिन्यात या तालुक्याइतकी थकलेली माणसे फार थोड्या ठिकाणी भेटतील. भिवंडी-वसईकडच्या वीटभट्ट्यांवर गेलेली कुटुंबे हळूहळू परतत आहेत. विहिरी तळाला गेल्या आहेत. याच तालुक्यात कोचाळ्याजवळ मध्य वैतरणा धरण आहे, त्याचे पाणी मुंबईला जाते आणि पाड्यावरची बाई हंडा घेऊन टँकरची वाट पाहते. अशा ठिकाणी शांतीबद्दल बोलायचे तर शब्द जपून वापरले पाहिजेत. पोटभर जेवलेल्याने उपाशी माणसाला शांत राहायला सांगणे हे पाप आहे, आणि तसले काही सांगायला मी आलेलो नाही.

मी ख्रिस्ती आहे. मला जे खरे वाटते ते ख्रिस्ती म्हणूनच सांगणार आहे. आपल्यातले बहुसंख्य कणसरीला, हिरव्याला, वाघोबाला मानणारे आहेत, काही वारकरी आहेत, काही ख्रिस्ती आहेत. कुणाच्या देव्हाऱ्याबद्दल उणा शब्द माझ्या तोंडून येणार नाही. माझे म्हणणे एवढेच की माणसाच्या मनाला शांती त्याच्या कमाईतून मिळत नाही. ती देणगी म्हणून मिळते, आणि मिळाल्यावर ती माणसाला कामाला लावते.

या मुलखातल्या माणसाचे आयुष्य हिशेबात बांधलेले आहे. भट्टीवर जाण्याआधी मुकादमाकडून उचल घ्यायची, ती फेडण्यासाठी सहा महिने माती तुडवायची, आणि शेवटी हिशेब झाला की काही बाकी अंगावर उरतेच. आजोबा-पणजोबांच्या काळी याहून भयंकर पद्धत होती. लग्नासाठी जमीनदाराकडून थोडेसे पैसे घेतले की नवरा-बायको दोघांनी त्याच्या घरी वर्षानुवर्षे राबायचे. त्या माणसाला लग्नगडी म्हणत. कर्ज फिटले की नाही, हे ठरवणारी वही सावकाराच्या हातात आणि वाचता न येणारा माणूस त्याच्या दारात.

बाहेरची ही वही माणूस नकळत आत घेऊन येतो. देवाशीही तो तसाच वागू लागतो. इतके केले म्हणजे इतके मिळेल. हे चुकले म्हणून मूल आजारी पडले. नवस राहिला म्हणून पीक बुडाले. ख्रिस्ती माणूस यातून सुटलेला आहे असे समजू नका. किती रविवार देवळात गेलो, किती उपास केले, किती दान टाकले, याची वही आम्हीही ठेवतो. एखाद्या संकटात ती देवापुढे उघडून धरतो आणि विचारतो, एवढे करूनही माझ्याच वाट्याला हे का? या प्रश्नामागचे दुःख खरे असते. पण देव हा वही राखणारा सावकार आहे ही समजूत खरी नाही. येशूने आपल्या शिकवणुकीत ती मुळापासून उपटून टाकली.

मत्तयाच्या शुभवर्तमानात त्याने सांगितलेली एक गोष्ट आहे. इथली कित्येक माणसे नाशिककडच्या द्राक्षबागांत कामाला जातात, त्यांना ती समजावून सांगावी लागणार नाही, कारण ती द्राक्षमळ्यातल्या मजुरांचीच आहे. मळ्याचा धनी पहाटे नाक्यावर जातो, दिवसाची मजुरी ठरवून माणसे आणतो. पुन्हा सकाळी जातो, दुपारी जातो, तिसऱ्या प्रहरी जातो. दिवस मावळायला एक तास उरलेला असताना गेला तर अजून काही माणसे उभी असतात. तुम्ही दिवसभर रिकामे का, असे तो विचारतो. आम्हाला कुणी कामाला लावलेच नाही, असे ती सांगतात. त्यांनाही तो मळ्यात पाठवतो. संध्याकाळी मजुरी वाटताना शेवटी आलेल्यांना आधी बोलावतो आणि पूर्ण दिवसाची मजुरी देतो. पहाटे आलेल्यांनाही तितकीच देतो. ते कुरकुरतात. धनी म्हणतो, तुमचे ठरलेले मी तुम्हाला दिले, माझ्या चांगुलपणाचा तुम्हाला त्रास का व्हावा?

मजूर नाक्यावर जो उभा राहिला आहे त्याला ठाऊक असते की शेवटपर्यंत उभा राहणारा आळशी नसतो. तो म्हातारा असतो, आजारातून उठलेला असतो, अंगाने बारीक असतो, म्हणून त्याला कुणी उचललेले नसते. त्याच्या घरीही संध्याकाळी चूल पेटायची असते. धन्याने त्याचे काम मोजले नाही, त्याची गरज पाहिली. येशू म्हणतो, देवाचे राज्य असे आहे. ख्रिस्ती श्रद्धेत कृपा म्हणतात ती हीच. माणूस लायक झाला म्हणून देव जवळ येत नाही. देव आधी जवळ येतो आणि त्या जवळिकीतून माणूस नवा होतो. आणि ख्रिस्ती श्रद्धा सांगते की या जवळ येण्याची किंमत देवाने स्वतः, क्रुसावर, चुकती केली.

हे ऐकायला सोपे आहे, पटायला फार अवघड. आपल्या महाराष्ट्रात एका विलक्षण बाईला ते पटायला आठ वर्षे लागली. त्या पंडिता रमाबाई.

रमाबाईंचा जन्म १८५८ सालचा. वडील अनंतशास्त्री डोंगरे तीर्थोतीर्थी हिंडून पुराणे सांगत. दुष्काळात त्यांनी सारे काही दान केले, तीर्थे केली, उपास केले, आणि शेवटी आई-वडील दोघेही उपासमारीने गेले. मोठी बहीणही गेली. उरलेली भावंडे हजारो मैल पायी चालत १८७८ साली कलकत्त्याला पोचली. तिथल्या विद्वानांनी या तरुण मुलीला ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ या पदव्या दिल्या. भाऊ गेला. लग्न झाले, आणि दोन वर्षे पुरी होण्याआधी पती पटकीने गेले. मांडीवर लहानगी मुलगी, मनोरमा. १८८३ साली रमाबाई इंग्लंडला गेल्या आणि २९ सप्टेंबरला वाँटेज येथे त्यांनी बाप्तिस्मा घेतला.

त्याआधी त्यांनी लंडनजवळ फुलॅमला एक आश्रम पाहिला होता. समाजाने टाकलेल्या स्त्रियांना वाँटेजच्या मठातल्या भगिनी तिथे मायेने सांभाळत. ज्यांच्या सावलीलाही लोक भितात त्यांच्याशी या बायका अशा का वागतात, असे रमाबाईंनी विचारले. तेव्हा त्यांना योहानाच्या शुभवर्तमानातली गोष्ट ऐकवली गेली: भर दुपारी विहिरीवर एकटी आलेली शोमरोनी बाई आणि तिच्याकडे पाणी मागणारा येशू. इथल्या बायकांना विहिरीवरच्या पाळीची, बोलण्यांची आणि एकटेपणाची चांगली ओळख आहे. ज्या बाईशी बोलणे कमीपणाचे मानले जाई, तिच्याकडे तो तहानलेला माणूस म्हणून गेला. रमाबाईंच्या मनावर त्या गोष्टीने कायमचा ठसा उमटवला.

तरी त्यांना शांती मिळाली नव्हती. पुढे आपली साक्ष लिहिताना त्यांनी हे अगदी मोकळेपणाने सांगितले आहे. त्यांना ख्रिस्ती धर्म मिळाला होता, ख्रिस्त मिळाला नव्हता. अमेरिकेत भाषणे केली, ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत विधवांसाठी शारदा सदन काढले, पुढच्या वर्षी ते पुण्याला नेले. कामाचा डोंगर उभा राहिला, पण देवाला पसंत पडण्याइतके आपण चांगले आहोत का, ही टोचणी राहिलीच. १८९१ च्या सुमारास एका इंग्रज धर्मोपदेशकाचे आत्मचरित्र त्यांच्या हाती आले. तो गृहस्थ दीक्षित पाद्री असूनही वर्षानुवर्षे श्रद्धेविना धर्मकार्य करत होता. ते वाचताना आपल्याला नेमके काय हवे आहे ते रमाबाईंना उमगले. मुक्ती फुकट आहे. ती पापी माणसासाठी आहे, म्हणजे माझ्यासाठी आहे. त्यासाठी जात, लिंग, विद्वत्ता, पुण्याईचा साठा यांतले काहीच लागत नाही. संस्कृतच्या त्या पंडितेला आपली विद्या कृपेच्या दारात खाली ठेवावी लागली. ती ठेवल्यावर मात्र त्यांच्या जिवाला जो आनंद झाला त्याचे वर्णन करताना त्यांची लेखणी थांबत नाही.

त्यानंतर काय झाले ते महत्त्वाचे आहे. शांती मिळाली म्हणून रमाबाई कुठे डोळे मिटून बसल्या नाहीत, आणि त्यांच्या वाटेतले काटेही कमी झाले नाहीत. १८९३ साली सदनात धर्मांतर चालते असा गदारोळ झाला. न्यायमूर्ती रानडे आणि डॉ. भांडारकर सल्लागार मंडळातून बाहेर पडले, पालकांनी मुली काढून नेल्या. १८९६ चा दुष्काळ आला तेव्हा, लहानपणी उपासमारीने आई-वडील गमावलेली ही बाई मध्य प्रांतात गेली आणि शेकडो भुकेल्या मुली घेऊन परतली. केडगावला मुक्ती सदन उभे राहिले. १९०० च्या सुमारास तिथे जवळजवळ २ हजार स्त्रिया आणि मुले होती. विणकाम, शेती, तेलघाणा, छापखाना, अंध स्त्रियांसाठी ब्रेलचे शिक्षण, सगळे तिथे चालले. रमाबाईंनी हिब्रू आणि ग्रीक शिकून साऱ्या बायबलचे सोप्या मराठीत भाषांतर केले. १९२१ साली मनोरमा गेली. मुलीचे दुःख पचवून त्यांनी ते काम संपवले आणि ५ एप्रिल १९२२ रोजी त्या गेल्या. आईबाप, भावंडे, पती, मुलगी, सगळे डोळ्यांदेखत गमावलेल्या या बाईकडे शांती नव्हती असे कोण म्हणेल? आणि ती शांती सुखाने आली असेही कोण म्हणेल?

आता टिळकांकडे येऊ. १८९३ साली राजनांदगावला जाताना आगगाडीत त्यांना एक युरोपियन प्रवासी भेटला. कवितेवर, देवाधर्मावर गप्पा झाल्या आणि उतरताना त्याने नवा करार हातात ठेवला. टिळक वाचत गेले. डोंगरावरच्या प्रवचनापाशी आले आणि तिथून त्यांना पुस्तक सोडवेना. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांचा बाप्तिस्मा झाला. घरदार, नातेवाईक, जात, सगळे सुटले. सगळ्यांत जास्त सोसले ते त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी. त्यांचे ‘स्मृतिचित्रे’ हे आत्मचरित्र वाचलेल्या माणसाला तो विरह विसरता येत नाही. पण लक्ष्मीबाई नवऱ्यामागे फरफटत गेल्या नाहीत. पाच वर्षे त्या स्वतःच्या मनाशी झगडल्या. सोवळ्याओवळ्याची जन्मभराची भीती त्यांनी स्वतः विचार करून टाकून दिली, आणि मग १९०० साली आपल्या पायांनी चालत बाप्तिस्म्याला गेल्या. कृपा जबरदस्ती करत नाही, नवऱ्याकरवीसुद्धा नाही, हे मला त्या घरातून शिकायला मिळते.

टिळकांनी आपल्या मातीशी नाते तोडले नाही. तुकोबांच्या पुलावरून आपण ख्रिस्तापाशी पोचलो, असे ते सांगत. विठ्ठलाच्या दारी आपली काही पात्रता नाही, तरी तो आपला म्हणतो, ही तुकोबांची धारणा त्यांच्या रक्तात होती. म्हणून ख्रिस्ताच्या कृपेविषयी लिहायला बसल्यावर त्यांच्या लेखणीतून अभंग उतरले. त्यांच्या तीनशे वर्षे आधी, १६१६ साली, गोव्यात फादर थॉमस स्टीफन्स यांनी ‘ख्रिस्तपुराण’ सुमारे ११ हजार ओव्यांत छापले होते. एका इंग्रज माणसाला मराठीचा मोह पडावा आणि मराठी ओवीत ख्रिस्त सहज बसावा, हीदेखील या भाषेवर झालेली कृपाच आहे. आयुष्याच्या शेवटी, १९१७ साली, टिळक मिशनच्या पगारी नोकरीतून बाहेर पडले आणि त्यांनी ‘देवाचा दरबार’ सुरू केला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, दोघांनाही तिथे जागा होती.

इथे मला तीन गोष्टी ठासून सांगायच्या आहेत, कारण कृपेच्या नावाखाली अनेक चुकीच्या गोष्टी खपवल्या जातात.

पहिली गोष्ट: हक्काच्या वस्तूला कृपा म्हणू नका. रेशनचे धान्य, रोजगार हमीची मजुरी, दवाखान्यातले औषध, वनहक्क कायद्याने मिळणारा प्लॉट ही कुणा साहेबाची वा पुढाऱ्याची मेहेरबानी नाही. १९९२-९३ मध्ये शेजारच्या जव्हार तालुक्यात वावर-वांगणीला शंभराहून अधिक बालके कुपोषणाने दगावली. ती देवाच्या इच्छेने गेली असे जो म्हणेल तो देवावर खोटा आळ घेतो. ती माणसांच्या दुर्लक्षाने गेली. लग्नगड्यांच्या बेड्या तोडायला १९४५ साली गोदावरी आणि शामराव परुळेकर या कार्यकर्त्यांबरोबर वारली बांधव उभे राहिले. १० ऑक्टोबर १९४५ रोजी तलवाड्याला झालेल्या गोळीबारात जेठ्या गांगड आणि त्यांचे साथीदार गेले. ते मिशनरी नव्हते. पण माणसाला दुसऱ्या माणसाच्या वहीतून सोडवणे हे देवाच्या मनातले काम आहे, ते कुणाच्याही हातून होवो. ख्रिस्ती माणसाने त्यांचे ऋण मान्य केले पाहिजे.

दुसरी गोष्ट: जी वस्तू विकत घेता येत नाही ती विकताही येत नाही. धान्य, औषध, शाळेतली जागा यांच्या बदल्यात कुणी श्रद्धा मागत असेल तर तो ख्रिस्ताचा संदेश सांगत नाही, ख्रिस्ताचा बाजार मांडतो. येशूने आपल्या शिष्यांना बजावले होते की तुम्हाला फुकट मिळाले आहे, फुकटच द्या. भुकेल्याला भाकर द्यायची ती तो भुकेला आहे म्हणून. त्याने उद्या कुठल्या देवापुढे हात जोडावेत हे त्या भाकरीच्या मागे लपलेले नसावे. याची दुसरी बाजूही तितकीच खरी आहे. कुणी मनापासून, विचाराने, लक्ष्मीबाईंसारखे आपल्या पायांनी ख्रिस्ताकडे गेले तर त्याला पाड्यावरून तोडू नका, विहिरीवर अडवू नका, त्याच्या घरच्या मयताला जागा नाकारू नका. आपल्या संविधानाच्या २५व्या कलमाने सदसद्विवेकाचे हे स्वातंत्र्य प्रत्येकाला दिलेले आहे.

तिसरी गोष्ट: कृपा फुकट आहे, स्वस्त नाही. डिट्रिख बोनहॉफर या जर्मन पाद्र्याने १९३७ सालच्या आपल्या पुस्तकात हाच फरक केला. क्षमा हवी पण बदल नको, सांत्वन हवे पण क्रूस नको, अशा धर्माला तो स्वस्त कृपा म्हणतो. हिटलरच्या विरोधात उभे राहिल्याबद्दल त्याला ९ एप्रिल १९४५ रोजी फाशी दिली गेली. म्हणून बायकोला मारून रविवारी भजनात डोळे मिटणाऱ्या नवऱ्याला जी शांती मिळते ती देवाकडून आलेली नाही. दारूत मजुरी घालवून देव क्षमाशील आहे म्हणणाऱ्याने आधी घरच्या माणसांची क्षमा मागावी. जक्कय नावाच्या जकातदाराच्या घरी येशू आपणहून मुक्कामाला गेला. कुणी त्याला हिशेब मागितला नव्हता. तरी जक्कय उठून म्हणाला की ज्यांना मी लुबाडले त्यांना चौपट परत करीन. कृपा घरात आली की तिजोरीचे दार असे उघडते.

मग माणसाने काहीच करायचे नाही का, असा प्रश्न राहतो. आपण या दिवसांत राब भाजता. पाला, शेण, काट्याकुट्या पसरून जमीन भाजता, कारण नागली आणि वरईचे रोप त्यावर जोमाने येते. पण राब भाजला म्हणून पाऊस येतो असे कुणी शहाणा शेतकरी म्हणत नाही. पाऊस त्याच्या हातात नाही. जमीन तयार ठेवणे एवढेच त्याच्या हातात आहे. प्रार्थना, पश्चात्ताप, क्षमा, वाचन, उपासना या गोष्टींची किंमत तितकीच, आणि तितकी मोठी. त्या कृपा आणत नाहीत. आलेली कृपा वाहून जाऊ नये म्हणून मन तयार ठेवतात.

आणि मिळालेले ओळखणे हे तर तुम्हाला शिकवायला नको. पावसाळ्यात उगवलेली पहिली कोवळी भाजी देवाला दाखवल्याशिवाय तुम्ही तोंडात घालत नाही. नवे धान्य कणसरीचे मानल्याशिवाय कणगीत भरत नाही. हे सारे आपल्याला मिळालेले आहे, आपण निर्माण केलेले नाही, ही जाण या डोंगरात फार जुनी आहे. जिथे ती जाण आहे तिथे कृपेची गोष्ट परकी वाटण्याचे कारण नाही. ख्रिस्ती माणूस त्यात एवढीच भर घालतो की तो देणारा आपल्यासाठी नाक्यावर पुन्हा पुन्हा येतो, दिवस मावळेपर्यंत येतो, आणि ज्याला कुणी उचलले नाही त्याचे नाव घेतो.

माझ्या ख्रिस्ती बांधवांना माझी विनंती आहे. आपल्या मनातल्या वह्या बंद करा, देवाविरुद्धच्या आणि शेजाऱ्याविरुद्धच्याही. ज्या भावाशी बांधावरून बोलणे तुटले आहे त्याच्या घरी पावसाआधी जाऊन या. आणि आपल्या सर्वांना विनंती: पुढच्या ग्रामसभेला या. भट्टीवरून परतलेल्या कुणाची मजुरी बुडाली असेल, कुणाचे रेशन कार्ड अडले असेल, कुणाच्या मुलाचे वजन कमी भरले असेल, तर त्याच्या बाजूने उभे राहा, मग त्याचा देव कुठलाही असो. रमाबाईंना जी शांती मिळाली ती त्यांनी केडगावच्या मुलींच्या ताटात वाढली. आपल्याला मिळालेली शांती खरी आहे की नाही, हे आपले शेजारी आपल्या वागण्यावरून ठरवतील. तो निवाडा त्यांच्यावर सोपवून मी आपली रजा घेतो.